व्यापारी संकुल सांभाळायला अ‍ॅप घ्यावं की माणूस नेमावा?

गेट_नंबर_दोन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आमचं एक संकुल आहे, तळमजला अधिक तीन, खाली बेसमेंट पार्किंग. गाळे, दोन दवाखाने, एक पतसंस्था, वर क्लासेस आणि जिम. एक लिफ्ट, ६२.५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर), खाली संप (जमिनीतली पाण्याची टाकी), गच्चीवर टाक्या आणि फायरचा पंप. गाळेधारकांच्या कमिटीत यंदा मला सेक्रेटरी करून बसवलंय, दुसरं कुणी तयार होईना म्हणून.

सध्याचा कारभार म्हणजे दिवसा एक वॉचमन मामा, रात्री दुसरे, बोलावल्यावर येणारा इलेक्ट्रिशियन, बोलावल्यावर "ऐद निमिष, बंदे" (पाच मिनिटांत आलोच) म्हणून दुसऱ्या दिवशी उगवणारा प्लंबर, आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. परवा रात्री गच्चीवरची टाकी वाहत होती, जिमवाल्यानं ग्रुपवर टाकलंही होतं, पण लगेच खाली कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि मेसेज गेला वर. सकाळपर्यंत सगळं पाणी गटारात.

आता मीटिंगमध्ये दोन गट पडलेत. एक गट म्हणतो बेंगळुरूच्या एका कंपनीचं पॅकेज घ्या, टाकीत सेन्सर, डीजीवर सेन्सर, तक्रारीला अ‍ॅप, कॅमेरे, दर महिन्याला गाळ्यामागे ठराविक रक्कम. दुसरा गट म्हणतो त्याच पैशात एक शिकलेला सुपरवायझर ठेवा. मला दोन्ही पटतंय हाच प्रॉब्लेम. बेळगाव, हुबळी, कोल्हापूरकडे कुणी हे केलं असेल तर सांगा.

शहापुरी_मास्तर

माणूस. पुढचा विषय घ्या.

बिन_टोपीचा

मास्तर, माणूस ठेवला तर तोही त्याच ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणार ना :)

पुणेकर_खानापूरचा

मी पुण्यात एका आयटी पार्कच्या फॅसिलिटी टीममध्ये आहे, बारा महिने हेच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे कंपनी ज्याला "बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम" म्हणतेय ती खरी बीएमएस नसणार. खऱ्या बीएमएसमध्ये चिलर (एसीचं पाणी गार करणारं मशीन), एएचयू (गार हवा फिरवणारं युनिट), पंप, पॅनेल सगळे एकमेकांशी बोलतात, त्यासाठी बॅकनेट किंवा मॉडबस अशी ठरलेली भाषा असते. मॉडबस १९७९ चा आहे आणि अजून जागोजाग धावतोय, बॅकनेट १९९५ साली स्टँडर्ड झाला. तुमच्याकडे सेंट्रल एसी नाही, एकच लिफ्ट, एकच डीजी, तिथे एवढं लागत नाही. तुम्हाला विकतायत ते चार सेन्सर, एक सिम कार्डवालं खोकं आणि मोबाईलवरचा स्क्रीन. ते वाईट आहे असं नाही, पण त्याचं नाव आणि त्याची किंमत नीट बघा.

दुसरं, स्क्रीनवर हिरवं दिसतं म्हणजे सगळं ठीक असं नसतं. आमच्याकडे एका एएचयूचा फॅन स्क्रीनवर कायम ८० टक्के स्पीडला दिसायचा. फॅनचा स्पीड ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण वीज स्पीडच्या घनाच्या हिशोबात उतरते, त्यामुळे मॅनेजमेंट खूश. प्रत्यक्षात कुणीतरी उन्हाळ्यात तक्रार आली म्हणून व्हीएफडी (फॅनचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) बायपास करून फॅन डायरेक्ट चालू केला होता, आणि स्क्रीनवर दिसत होता तो आकडा म्हणजे सिस्टीमनं दिलेला हुकूम, फॅनचा खरा स्पीड नव्हे. ज्यानं बायपास केलं त्यानं शिफ्ट बदलताना सांगितलं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. सॉफ्टवेअर लाखांचं आणि चूक एका न लिहिलेल्या ओळीची.

तिसरं, अलार्म. सगळे अलार्म सगळ्यांना पाठवले की कुणीच बघत नाही. तुमच्या ग्रुपवर जे झालं तेच अ‍ॅपवर होणार. आम्ही तीन भाग केलेत. जीवाशी खेळ असेल तर थेट फोन वाजतो, आणि उचलला नाही तर पुढच्या माणसाला जातो. नुकसान होणार असेल तर ड्युटीवरच्या माणसाला मेसेज. बाकी सगळं सकाळच्या रिपोर्टात. तुमची टाकी दुसऱ्या भागातली, आगीचा पंप पहिल्या.

गेट_नंबर_दोन

खानापूरकर, हे "पुढच्या माणसाला जातो" फार आवडलं. आमच्याकडे पुढचा माणूसच ठरलेला नाही. आणि आमच्या फायर पंपाला सेन्सर आहे का हेच मला माहीत नाही, उद्या बघतो.

वायरमन_अण्णा

उद्यमबागेत पॅनेलची कामं करतो, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमचा डीजी शेवटी लोडवर कधी चालवला ते पहिला विचारा. सगळी कॉम्प्लेक्सवाली आठवड्याला पाच मिनिटं नुसता चालवून बंद करतात आणि टेस्ट झाली म्हणतात. रिकामं इंजिन चालवून आत काजळी धरतीय, डिझेल नीट जळत न्हाई. महिन्यातनं एकदा तरी खरा लोड द्या, लिफ्ट, पंप, लाइट सगळं त्याच्यावर घेऊन अर्धा तास. आणि डीजी चालू झाला न्हाई म्हणून मला फोन येतो तवा दहातल्या बहुतेक वेळा बॅटरी गेलेली असती. बॅटरीचं टर्मिनल पांढरं-हिरवं झालंय, चार्जर कुणीतरी मोबाईल लावायला काढलाय. त्याला कसला सेन्सर पाहिजे ओ? डोळं पाहिजेत.

दुसरं सांगतो. मेन पॅनेलला हात लावून बघणारी माणसं हायत अजून. लावू नका. ढिला जॉइंट कुठाय ते थर्मल कॅमेऱ्यात दिसतंय, भाड्यानं मिळतोय, वर्षातनं एकदा दिवसभर घ्या, तेही लोड चालू असताना. केबल लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवलेला नसला की जॉइंट तापतोय, ढिला पडतोय, अजून तापतोय. मागं एका कॉम्प्लेक्सात बाहेरनं पॅनेल झकास, नवा रंग, आणि आत बसबारवर (करंट वाहणारी धातूची पट्टी) सगळं काळं.

आणि आयटीआयची पोरं. मी नावं ठेवत न्हाई, मी पण आयटीआयच, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. पण आत्ताच्या पोराला मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) हातात दिला तर सप्लाय बंद केला का न्हाई बघत न्हाई. दोष पोराचा कमी, त्याला हाताखाली घेऊन शिकवणारा राहिला न्हाई. पूर्वी मेस्त्रीच्या मागं दोन वर्षं पान्हं उचलायला लागायचं.

रामदेव_गल्ली

अण्णा, लिहायची सवय नाही म्हणता आणि सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंत.

चिक्कोडी_सेन्सर

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, माझा धंदाच हा आहे, आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. चिक्कोडी, रायबाग, निपाणी भागात हॉस्पिटलं आणि मंगल कार्यालयांना टाकीचे आणि डीजीचे सेन्सर बसवतो.

माणूस माणूस करता ठीक आहे, पण तुमचा शिकवलेला माणूस दोन वर्षांत गोव्याला नाहीतर पुण्याला जाणार, पगार जास्त मिळतो. तो गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं, कुठला वॉल्व्ह कुठल्या लाईनचा, लिफ्टचा ब्रेक कधी बदलला, पंपाची बेअरिंग कुणी आणली. अ‍ॅप म्हणजे नुसता स्क्रीन नाही, इमारतीची आठवण आहे. प्रत्येक मशीनवर क्यूआर कोड चिकटवा, मोबाईल धरला की त्या मशीनचा सगळा इतिहास. पंप मागच्या वेळी कधी उघडला, कुणी उघडला, किती खर्च आला. हे रजिस्टरमध्ये लिहा म्हणणाऱ्यांनी एखादं पाच वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधून दाखवावं, वाळवीनं खाल्लेलं नसेल तर.

संकेश्वरी_वहिनी

चिक्कोडीकर तुमचा मुद्दा मान्य पण कंपनी बंद पडली तर? आमच्या मिस्टरांच्या कार्यालयात एका कंपनीनं असंच सगळं बसवलं, दीड-दोन वर्षं छान चाललं, मग कंपनीचा सर्व्हर बंद, फोन लागत नाही, सेन्सर भिंतीवर शोभेला. इतिहास पण त्यांच्याच सर्व्हरवर. म्हणजे आठवण होती ती पण भाड्याची.

चिक्कोडी_सेन्सर

वहिनी, बरोबर, म्हणून करारात दोन गोष्टी लिहून घ्यायच्या. एक, दर महिन्याला सगळा डेटा साध्या एक्सेल फाईलमध्ये तुमच्या मेलवर. दोन, सेन्सर मॉडबसवर किंवा कुठल्याही उघड्या पद्धतीवर बोलणारे हवेत, म्हणजे उद्या दुसरा कुणी आला तरी तेच वापरता येतील. हे मी माझ्या विरोधात सांगतोय, नोंद घ्यावी.

बिन_टोपीचा

नोंद घेतली, रजिस्टरमध्ये. वाळवीला पण कळवलंय.

निपाणीची_लेक

सगळे मशीनवर बोलताय, मी बोलण्यावर बोलते. निपाणीत एका मार्केट बिल्डिंगचं ऑफिस मी बघते. खरी गोची आहे कोण कुणाला कुठल्या भाषेत सांगतं याची.

आमच्याकडे गाळेधारक निम्मे मराठी, काही कन्नड, काही हिंदी-उर्दू बोलणारे, दोन-तीन मारवाडी. सफाईच्या मावश्यांना वाचता येत नाही. सिक्युरिटीवाला ईशान्येकडचा, त्याला हिंदी जेमतेम. लिफ्टचा मेकॅनिक हुबळीहून येतो, कन्नड बोलतो. आता तुम्ही इंग्रजीत छापून लावलं की लिफ्ट मेंटेनन्सला बंद राहील, ते वाचणार कोण? मी काय केलं, वॉल्व्हना रंग दिले. निळा पिण्याचा, हिरवा वापरायचा, लाल फायरचा, आणि प्रत्येकावर बंद-चालूचा बाण. मावशीला फोनवर "हिरवा, बाणाच्या उलट फिरवा" एवढंच सांगायचं. बाहेर पडायच्या वाटेला तो पळणाऱ्या माणसाचा हिरवा बोर्ड, त्याला कुठली भाषाच लागत नाही.

तक्रार लिहून घेणंच सोडलं. व्हॉइस नोट पाठवा आणि फोटो पाठवा, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. ती ऐकून टिकिट (तक्रारीची नोंद) मी काढते, कारण माणूस तक्रार करताना कधीच नीट सांगत नाही. "पाणी नाही" म्हणजे नळाला नाही, का फ्लशला नाही, का गरम नाही? "एसी चालत नाही" यातनं तर काही म्हणजे काहीच कळत नाही. एसी चालू होतो पण गार होत नाही, का चालूच होत नाही, का पाणी गळतंय, हे तीन वेगळे मेकॅनिक-प्रश्न आहेत. हे विचारायचं कौशल्य अ‍ॅपच्या ड्रॉपडाऊनमध्ये नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम झालं की तक्रार करणाऱ्याला उलट फोन. झालं नाही तरी फोन. "पार्ट कोल्हापूरहून यायचाय, गुरुवारी येईल" एवढं सांगितलं की माणूस गुरुवारपर्यंत गप बसतो. काहीच सांगितलं नाही की तासाला एक फोन आणि मग ग्रुपवर भांडण.

सीमावासी_७७

रंगाचं ठीक आहे ताई, पण दुकानाच्या पाट्यांचं काय? आता ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून नोटिसा येतात, मग मराठी गाळेधारकांनी काय करायचं, हा अन्याय कुणाला सांगायचा

कडोली_कट्टा

सुरू झालं. प्रत्येक धाग्यावर हेच. पंपाचा विषय चाललाय बाबा

सीमावासी_७७

पंप पण कुणाच्या भाषेत चालतो ते बघा की मग

प्रशासक

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जावे. माहितीपुरतं: २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकातल्या व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं, ही जबाबदारी आस्थापनेची आहे. संकुलाच्या आतल्या सूचना कशा लावाव्यात हा या धाग्याचा विषय, त्यावर लिहा. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

बिन_टोपीचा

प्रशासकांनी अलार्मचा पहिला भाग वाजवला.

लिफ्ट_बंद_आहे

आयडी बघून हसू नका, मी लिफ्टच्या कामात आहे. धागाकर्त्यांना एकच विनंती, वॉचमन मामांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ती त्रिकोणी चावी असेल तर आजच काढून घ्या.

ती चावी बाहेरून लिफ्टचं दार उघडायची. लाईट गेली, लिफ्ट मधेच अडकली, आतले लोक ओरडतायत, मामा घाबरून चावीनं दार उघडतात. केबिन दीड मजल्यावर लटकलेली असते. आतला माणूस खाली उडी मारायला बघतो आणि केबिनच्या खालच्या फटीतनं सरळ शाफ्टमध्ये जातो. अडकल्यानं माणूस मरत नाही, केबिनमध्ये हवा येते, घाईनं बाहेर काढताना मरतो. आधी मेन बंद करायची, आतल्यांशी बोलत राहायचं, ट्रेनिंग घेतलेल्या माणसानं मशीन रूममधून केबिन मजल्याला आणायची, मग दार.

लाईट गेल्यावर केबिन आपोआप जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारं यंत्र, एआरडी म्हणतात, बहुतेक लिफ्टना असतं. पण त्याचीही बॅटरी असते, अण्णांनी डीजीचं सांगितलं तेच इथं. महिन्यातून एकदा लिफ्ट चालू असताना मेन पाडून बघायची, मेकॅनिक समोर असताना. आणि कर्नाटकात लिफ्टचा वेगळा कायदा आहे २०१२ चा, लायसन्स आणि तपासणी विद्युत निरीक्षक खात्याकडून. लायसन्सची कॉपी कमिटीच्या फाईलमध्ये आहे का बघा. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सेमी आहे का कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे पार्टचा खर्च त्यात धरलाय का, तेही बघा, नाहीतर रोप बदलायची वेळ आली की कमिटीत मारामारी.

गेट_नंबर_दोन

चावी होती. काढून घेतली. मामा म्हणाले, "मागच्या सेक्रेटरींनीच दिली होती, सोयीला." आणि फायरचा पंप बघितला. गच्चीवर पॅनेल आहे, त्यावर ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा खटका आहे आणि तो ऑफवर होता. का, तर एकदा आपोआप चालू झाला आणि जिन्यात पाणी आलं होतं म्हणून कुणीतरी बंद केला. कोण ते कुणालाच माहीत नाही.

रामदेव_गल्ली

ऑफवर फायर पंप म्हणजे सगळ्या फायर सिस्टीमचं थोडक्यात चरित्र.

हायड्रंट_काका

फायरच्या सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काढली, आता रिटायर. गेट नंबर दोन, हे सगळीकडे आहे, दचकू नका. पंप आपोआप चालू झाला म्हणजे लाईनमधला दाब पडला, म्हणजे कुठेतरी गळती, बहुधा होज रीलचा वॉल्व्ह किंवा नॉन रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा). गळती काढायची सोडून पंपच बंद केला. तसंच फायर अलार्मच्या पॅनेलवर सायलेन्सचं बटण दाबून ठेवतात, कुणीतरी खाली अगरबत्ती लावली की वाजतं म्हणून.

आत्ता करायचं ते असं. खटका ऑटोवर, आणि त्याच्यावर काचेचं झाकण. आठवड्याला ठरलेल्या दिवशी खालची होज रील उघडायची, पंप आपोआप धरतो का बघायचं. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का, सील आहे का, नुसती रिफिलची तारीख बघून भागत नाही. मेन पॅनेलजवळ सीओटूचा एक्स्टिंग्विशर ठेवा. आणि सगळ्यात मोठी अडचण फुकटची असते, जिन्यात ठेवलेली खोकी. दिवाळीच्या आधी बघा, प्रत्येक दुकानदाराचा माल जिन्यात. इमारत १५ मीटर किंवा त्याहून उंच असेल तर नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे ती हायराईज आणि मग नियम एकदम बदलतात, तुमचे चार मजले त्याच्या आत बसतात का हे आर्किटेक्टला मोजायला सांगा, वरच्या जिमसाठी उंची वाढवलेली असेल तर विशेष.

ड्रिल घेताना दवाखान्याच्या वेळेत घ्या. रविवारी सकाळी रिकाम्या इमारतीत घेतलेली ड्रिल फोटोपुरती.

गोवावेस_गणित

अवांतर: क्लासवाले एसी १८ वर लावून पोरांना स्वेटर घालून बसवतात. २०२० च्या १ जानेवारीपासून स्टार रेटिंगच्या एसीचं डीफॉल्ट २४ केलंय, पण रिमोट पोरांच्या हातात.

पुणेकर_खानापूरचा

गोवावेस, बेळगावात एसी लागतो कशाला हाच मुळात प्रश्न :) आमच्या लहानपणी तिथं पंखासुद्धा एप्रिलपुरता काढायचे.

मामांचा_पोरगा

इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. माझे बाबा शहरातल्याच एका संकुलात वॉचमन आहेत. कुठलं ते लिहीत नाही.

बारा तास ड्युटी. कागदावर सिक्युरिटी गार्ड. प्रत्यक्षात पंप चालू-बंद, पार्किंग, कुरिअर घेणं, डॉक्टरच्या पेशंटला हाताला धरून लिफ्टपर्यंत नेणं, दुकानदाराच्या पोराला शाळेतून आणणं. पावसाळ्यात चेंबर तुंबला की "मामा जरा उतरून बघा". बाबा एकदा उतरायला निघाले होते, मी योगायोगानं डबा द्यायला गेलो होतो म्हणून अडवलं. तसं माणसाला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आत विषारी वायू असतो, वरून काही दिसत नाही. सेक्रेटरी म्हणाले "दोन मिनिटांचं काम आहे". चेंबर उपसायची गाडी बोलावली तेव्हा तासात झालं.

तुम्ही सगळे सुपरवायझर का अ‍ॅप विचारताय. जो माणूस आधीपासून तिथं आहे त्याला कुणी विचारलं का, काय बिघडतंय ते? बाबांना पंपाच्या आवाजावरून कळतं बेअरिंग जाणार आहे. ते सांगतात पण. मीटिंगमध्ये त्यांना आत बोलावत नाहीत, चहा घेऊन आत जातात तेवढंच.

शहापुरी_मास्तर

बाळ, चांगलं लिहिलंस. माझं "माणूस" हे उत्तर मी परत लिहितो, पण "नवा" असं वाचू नये.

वायरमन_अण्णा

पोराचं खरं हाय. मी कुठंबी गेलो की पहिला वॉचमनला विचारतो, काय आवाज येतोय, कधीपासनं, पाऊस पडल्यावर का ऊन असताना. निम्मा फॉल्ट तिथंच सापडतोय.

संकेश्वरी_वहिनी

पावसावरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीच्यांच्या संकुलात बेसमेंटमध्ये पाणी भरलं. बेसमेंटचं पाणी काढायचा पंप होता, पण लाईट गेलेली, पंप डीजीवर, आणि डीजी बेसमेंटमध्ये. पाणी डीजीच्या वर. झालं. गेट नंबर दोन, तुमचा डीजी कुठे आहे?

गेट_नंबर_दोन

...बेसमेंटमध्ये.

बिन_टोपीचा

वहिनींनी एका प्रश्नात कन्सल्टंटचं बिल वाचवलं.

पुणेकर_खानापूरचा

डीजी हलवणं लगेच जमणार नाही, पण दोन गोष्टी जमतील. रॅम्पच्या तोंडाशी उंबरठा आणि आडवी जाळी, आणि पाणी काढायला स्वतःच्या इंजिनवर चालणारा छोटा पेट्रोल पंप, तो वरच्या मजल्यावर ठेवायचा. तोही बेसमेंटमध्ये चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड बंद जागेत जीव घेतो. पाईप खाली, पंप वर. पाण्याचा एक सेन्सर मात्र बेसमेंटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात घ्याच, चिक्कोडीकरांकडून घ्या नाहीतर कुणाकडून.

चिक्कोडी_सेन्सर

धन्यवाद :) उंदीर आणि गच्चीवरच्या माकडांपासून वायर वाचवायची असेल तर जीआय पाईपमधून घ्या. माकडं टाकीचं झाकण पण उघडतात, त्याला कुठलंच अ‍ॅप नाही.

गेट_नंबर_दोन

मीटिंग झाली. वॉचमन मामांना आत बसवलं, खुर्ची दिली. सुरुवातीला बोलेनात, मग सुरू झाले ते थांबेनात. तिसऱ्या मजल्याच्या टॉयलेटचा वॉल्व्ह कित्येक महिने पूर्ण बंद होत नाही, म्हणून टाकी लवकर रिकामी होते, म्हणून पंप जास्त चालतो, म्हणून रात्रीचे वॉचमन पंप चालू ठेवून झोपतात. टाकी वाहण्याचं मूळ ते. सेन्सर लावला असता तर त्यानं टाकी भरल्याचं सांगितलं असतं, वॉल्व्हचं नाही.

ठरलं असं. मोठं पॅकेज नको. सेन्सर तीनच, गच्चीची टाकी, बेसमेंटचं पाणी, फायर लाईनचा दाब, आणि डेटाचं चिक्कोडीकर म्हणाले तसं लिहून घेणार. एक अर्धवेळ सुपरवायझर, शेजारच्या संकुलाबरोबर वाटून, म्हणजे पगार बरा देता येईल आणि तो टिकेल. दिवसाच्या मामांना पगारवाढ आणि त्यांचं पद बदलायचं, नाव काय द्यायचं त्यावर अर्धा तास गेला. ग्रुप दोन केले. एकात फक्त बिघाड, दुसऱ्यात वाढदिवस. पॅकेजवाला गट थोडा नाराज आहे, पतसंस्थेचे मॅनेजर म्हणाले वर्षभरानं बघू.

निपाणीची_लेक

बिघाडाच्या ग्रुपवर कोण लिहिणार आणि कोण फक्त वाचणार ते आजच सेट करा, नाहीतर रविवारपर्यंत तिथं पण फुलं येतील. आणि उलट फोन करायचं काम कुणाला दिलंत?

गेट_नंबर_दोन

ते राहिलं. सुपरवायझरलाच देतो.

निपाणीची_लेक

तो अर्धवेळ आहे ना? मग तो शेजारच्या संकुलात असेल तेव्हा कोण?

हायड्रंट_काका

आणि रात्री फायर लाईनचा दाब पडला तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला? नावं आणि नंबर मोठ्या अक्षरात पॅनेलवर चिकटवा, खाली ११२ पण लिहा.

वायरमन_अण्णा

थर्मल कॅमेरा पाहिजे असला तर पुढच्या आठवड्यात माझ्याकडं येणाराय, दोन कॉम्प्लेक्स अजून बोललीत, तिघांत वाटून घेतला तर स्वस्त पडंल. पण लोड पूर्ण असायला पाहिजे, म्हणजे संध्याकाळी सहा-सातला, क्लास आणि जिम दोन्ही चालू असताना. जमंल का सांगा.